पन्नास पावलांचं अंतर

सप्टेंबर १४, रविवार

ताई दुपारच्या बसने गेली. दोन दिवस जे बोलायचं टाळत होती ते तिनं फाटकापाशी मला बाजूला घेऊन दोन मिनिटांत बोलून टाकलं. बाबांचं जंगलात फिरणं आता बस झालं. एकाहत्तरावं चालू आहे. आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आई जाऊन सहा महिने झाले. आता हे घर बंद करून बाबांनी तिच्याकडे शहरात, तिसऱ्या मजल्यावर, राहायला यावं.

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरून फक्त कबुतरं दिसतात."

"मग?"

"मग तू ठरव. तू मोजमापवाली बाई. यंदा त्यांच्याबरोबर दहा फेऱ्या कर आणि मला सांग, माणूस जंगलात सोडण्यासारखा आहे की नाही. हो म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही म्हणालीस तर गाडी घेऊन येते, मग ते दाराची चौकट धरून बसले तरी."

मला ही पद्धत पटली. मी प्रयोगशाळेत दाबमापकं तपासते. कारखान्यातून आलेलं मापक आमच्या प्रमाण मापकाशेजारी जोडायचं, दहा वाचनं घ्यायची, चूक किती ते लिहायचं. पास किंवा नापास. दहा फेऱ्या म्हणजे दहा वाचनं.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. यंदा आईच्या जागी मी येते, फेऱ्या होईपर्यंत इथेच राहते, एवढंच मी म्हणाले. बाबा बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिले. साखर घालायची राहिली होती.

"ये की, मोजपट्टी," म्हणाले.

सप्टेंबर १७, बुधवार

पहिली फेरी. रजा टाकली. पाऊस संथ, एकसारखा.

पद्धत लिहून ठेवते. ही गणना आईबाबांनी एकोणीस वर्षं केली. पाऊस असेल त्याच सकाळी जायचं, कारण ओल्या पाचोळ्यावर पाऊल वाजत नाही, आणि माणसं व त्यांची कुत्री घरात असतात. वाट साडेतीन किलोमीटर. दोन निरीक्षक. पहिला पुढे, दुसरा पन्नास पावलं मागे. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. जे दिसेल, ऐकू येईल ते ज्याने त्याने आपल्या वहीत टिपायचं. घरी येऊन वह्या ताडायच्या: दोघांना काय मिळालं, एकट्यालाच काय मिळालं. त्यावरून दोघांच्याही हातून किती निसटलं असेल याचा अंदाज काढता येतो. वर्षअखेर आकडे वनखात्याच्या कचेरीत जातात. पद्धत स्वच्छ आहे.

निघताना बाबा म्हणाले, "तू पुढे हो. आणि पन्नास नको, दहा पुरे. पावसात तू मला दिसायची नाहीस."

मग म्हणाले, "आईचा रेनकोट घाल. पिवळा आहे तो."

मी म्हटलं, पिवळ्याने जनावर बुजेल. माझा राखाडी बरा आहे. त्यांनी वाद घातला नाही.

एका वळणावर हरणी दिसली, पाडसासह, वीस मीटरवर. पाऊस तिच्या पाठीवर पडत होता आणि पाठीतून वाफ निघत होती. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि रवंथ करायची थांबली नाही. मी थांबले तसे बाबाही मागे थांबले. घरी वह्या ताडल्या. बेडूक: मी चौदा, बाबा बावीस. घुबड: त्यांना दोन, मला शून्य. हरणी त्यांच्या वहीत नव्हती.

"हरणी लिहिली नाहीत?"

"तू थांबलीस ते कळलं. कशासाठी ते नाही कळलं. सांगितलं का नाहीस?"

"नियम आहे ना."

"हो," बाबा म्हणाले. "नियम आहे खरा."

सप्टेंबर २१, रविवार

दुसरी फेरी. बाबांनी रानडुकरं वासावरून ओळखली. दहा मिनिटांनी मला उकरलेली जमीन दिसली, पाणी अजून खड्ड्यांत उतरत होतं. म्हणजे कळप नुकताच गेला होता. परतताना (गणना संपली की बोलायला हरकत नाही) विचारलं, वास नेमका कसा?

"तुझे भावजी पावसातून आले आणि बूट हॉलमध्येच काढले, की येतो तसा."

हे मी ताईला कळवणार नाही.

आज मला एकटीला मिळालेलं: कोल्हा एक, ससे दोन, खंड्या एक. खंड्या ओढ्यावरच्या फांदीवर अगदी जवळ बसला होता आणि पावसाकडे त्याचं लक्ष नव्हतं. बाबा त्याच्यापासून दोन हातांवरून गेले. त्यांच्या वहीत नाही.

सप्टेंबर २४, बुधवार

सकाळी बाबांची नडगी स्टुलावर आपटली. रक्त आलं. "वाटेत कशाला ठेवतेस वस्तू?" असं जरा मोठ्यानेच म्हणाले. स्टूल रोजच्या जागेपासून हातभर सरकलं होतं, इतकंच. नंतर स्वतःच माझ्यासाठी चहा केला. कपाच्या काठावर बोट ठेवून ओततात. लहानपणापासूनची सवय असेल. मी आधी कधी पाहिलेली नाही.

दोन फेऱ्यांत काही चुकतंय का, म्हणून नजर तपासून घेतली. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. तारखा सोडाच, खालची छापखान्याची बारीक ओळसुद्धा वाचली. वर्तमानपत्र तर रोज वाचतात. नजर चांगली आहे. कारण दुसरं कुठलं तरी शोधायला हवं.

सप्टेंबर २८, रविवार

काल तिसरी, आज चौथी. आकडे असे: ज्या जनावरांचा आवाज किंवा वास येतो, त्यांत बाबा माझ्या दीडपट आहेत. जी मुकी आहेत, त्यांतली मी नऊ पाहिली आणि त्यांच्या वहीत एक आहे. तीही हरणी, अगदी वाटेच्या मधोमध उभी.

माझा निष्कर्ष: लक्ष नाही. आई गेल्यापासून ते ऐकत चालतात, बघत नाहीत. लक्ष आणता येतं. नापास करण्याइतकं हे नाही.

ताईचा फोन. "कसं काय? चालतंय का म्हातारं?"

"सहा वाचनं बाकी आहेत."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे वीजबिल वाचण्यासारखं आहे बघ," ती म्हणाली आणि हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "नीट बघ हं त्यांच्याकडे."

ऑक्टोबर ४, शनिवार

पाऊस नाही. माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. तुलनेसाठी आधीची वर्षं हवी होती.

पहिली चौदा वर्षं उत्तम. आईला काही मिळतं, बाबांना काही मिळतं, साधारण दोन-तृतीयांश दोघांना. असंच असायला हवं. शेवटच्या पाच वर्षांत मात्र दोन्ही वह्या तंतोतंत सारख्या आहेत. तीच जनावरं, तीच संख्या, तीच वेळ. एकशे चार फेऱ्या, एकाही नोंदीचा फरक नाही.

प्रयोगशाळेत एखाद्या मापकाची चूक दहाही वाचनांत शून्य आली, तर आम्ही ते पास करत नाही. आधी तपासणाऱ्याला बोलावतो. पावसात पन्नास पावलांच्या अंतराने चालणारी दोन माणसं पाच वर्षं तेच आणि तेवढंच पाहू शकत नाहीत. एकाने दुसऱ्याचं उतरवलं आहे.

दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं. बाबांनी हात लावला नाही.

"तुझ्या आईची नजर भारी होती," म्हणाले.

"हे उत्तर नाही बाबा. हे आकडे कचेरीत गेले आहेत. दोन स्वतंत्र निरीक्षक म्हणून गेले आहेत."

"हो."

"मग हे खोटं आहे."

"एकही जनावर खोटं नाही त्यात."

"पद्धत खोटी आहे."

ते उठले. दाराशी जाताना चौकटीला आधी हात लावला, मग बाहेर पडले. माझ्याशी असं खोटं कुणी बोललेलं मला चालत नाही. आईही यात होती, हे त्याहून चालत नाही. तिला विचारता येत नाही.

रागावून लिहू नये म्हणून तासभर थांबले. तासाभरानंतरही मत तेच आहे. उरलेल्या सहा फेऱ्या नियमाने होतील. पहिले निरीक्षक बाबा. ते पुढे. मी पन्नास पावलं मागे. खुणा नाहीत, बोलणं नाही.

ऑक्टोबर ५, रविवार

पाचवी. नियमाने. निघताना बाबा इतकंच म्हणाले, "आज पंचवीस चालतील का?" मी नाही म्हटलं.

फार सावकाश चालले. नेहमीच्या सव्वा तासाला दोन तास. पाय उचलून टाकत नाहीत, जमिनीवरून सरकवतात. पाचोळ्यात दोन रेघा उमटतात. वळणांवर बाजूने दिसायचे तेव्हा ओठ हलत होते. घरी विचारलं, तर म्हणाले बेडूक मोजत होतो. बेडूक त्यांनी एकोणतीस लिहिले आहेत, त्यामुळे शक्य आहे.

जेवायला बसलो. ताटातली डावीकडची भाजी त्यांनी तशीच ठेवली. रुसवा असा दाखवतात हे माहीत नव्हतं.

ऑक्टोबर ११, शनिवार

सहावी. चांगली बातमी: ओढ्यावर पाणमांजर. मला दिसलं नाही. बाबांच्या वहीत आहे, ७.५०, "शीळ दोनदा, पलीकडचा काठ, मग पाण्यात." या वाटेवर नऊ वर्षांनी पाणमांजर नोंदवलं गेलं. नोंद वाचताना मी "वा" म्हणाले असावे, कारण बाबा हसले.

"आहे अजून म्हातारा कामाचा?"

"चार वाचनं आहेत अजून," मी म्हणून गेले. त्यांनी कसली वाचनं ते विचारलं नाही.

इथे लिहायला हरकत नाही: ते पास व्हावेत असं मला वाटतं. तपासणाऱ्याला असं वाटू नये.

दुपारपासून पाऊस वाढला आहे.

ऑक्टोबर १२, रविवार

सातवी फेरी. बाबा ओढ्यात पडले. उजवा खुबा मोडला. मदत येईपर्यंत साधारण पन्नास मिनिटं पाण्यात होते, कारण मला एकटीला बाहेर काढता आलं नाही आणि फोनला तिथे रेंज नाही. आता जिल्हा रुग्णालयात. ताईला कळवलं.

ऑक्टोबर १४, मंगळवार

नीट लिहिते.

ओढ्याच्या अलीकडे एक वाकडं झाड आहे. तिथून वाट सरळ काठावर जाते आणि पुढे फळीचा पूल. शनिवारच्या पाण्याने फळी नेली होती आणि अलीकडचा काठ तीनेक मीटर आत कापला होता. मी मागच्या चढावर होते. तिथून हे सगळं स्पष्ट दिसत होतं.

पलीकडच्या दगडावर पाणमांजर होतं. दोन पायांवर उभं, तोंडात मासा, अंगावरून पाणी गळत होतं. बाबांचं तोंड त्याच्याच दिशेला होतं. मला वाटलं, त्यांना ते दिसलं आहे. मला वाटलं, त्याच्याकडे बघत ते जवळ जात आहेत आणि काठापाशी थांबतील. त्यांच्या वहीत ते येतं का, हे मला पाहायचं होतं.

ते थांबले नाहीत. वाकडं झाड ओलांडल्यावर ते थेट काठावरून पुढे गेले, जणू पुढे जमीन होती.

शेवटची अकरा पावलं मी पाहिली. त्यांच्या चालीने अकरा पावलांना नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदांत हाक मारता येते. मी मारली नाही, कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं.

ते पडल्यावर पाणमांजर पाण्यात गेलं. माझ्या वहीत वेळ ७.४२ लिहिलेली आहे. ती मी कधी लिहिली ते आठवत नाही.

ऑक्टोबर १६, गुरुवार

शस्त्रक्रिया काल झाली. आज ताप. छातीत कफ आहे.

नर्सने डॉक्टरांना सांगितलं की पेशंटला डावीकडून दिलेलं औषध दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टर येऊन गेल्या. मला बाहेर बोलावून सांगितलं: डोळ्यांतला दाब वाढून नजर कडेकडून जात आली आहे. मधली शाबूत आहे.

"बोळकांडीतून पाहावं तसं. समोरचा कागद वाचतील, पायाखालची पायरी दिसणार नाही. पाचेक वर्षं तरी झाली असतील. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"एकीच्या आलं होतं," मी म्हणाले.

दाब. रोज आठ तास मी दाब मोजते.

दुपारी बाबा जागे होते. मी विचारलं, का नाही सांगितलं.

"तू दहा फेऱ्यांनी ताईला कळवणार होतीस ना? म्हटलं, दहा तर पदरात पडतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फाटक काय लांब आहे खिडकीपासून? कान शाबूत आहेत माझे." थोडं खोकले. "सात मिळाल्या. वाईट नाही."

मग आपण होऊनच सांगितलं. आई पुढे चालायची, हातभर अंतरावर, पिवळा रेनकोट घालून. खाली खड्डा असला तर काठी दोनदा आपटायची. जनावर दिसलं की थांबायची आणि हळूच सांगायची: डावीकडे, झुडपाखाली, मान उचललीय आता. ते दोघंही लिहायचे.

"आकडे खरे होते गं. माणसं दोन नव्हती, एवढंच."

"आणि ओढ्यापाशी?"

"झाडापासून फळीपर्यंत एकेचाळीस पावलं. कायम एकेचाळीस. त्या दिवशी सदतीसलाच संपलं."

म्हणजे ते बेडूक मोजत नव्हते.

त्यांनी विचारलं, "तुला काय दिसलं त्या सकाळी?" मी पाणमांजराचं सांगितलं. मासा तोंडात आडवा होता का उभा, तेही विचारलं. आडवा, मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, समाधानाने.

ऑक्टोबर १८, शनिवार

ताई तीन दिवसांपासून इथेच आहे. आज तिनं पलंगाशी बसून सरळ विचारलं. मला विचारलं, पण उत्तर बाबांनी दिलं.

"तू मागे होतीस. तुला काठ दिसत होता. मग हाक का नाही मारलीस?"

"मारली की तिनं," बाबा म्हणाले. आवाज जेमतेम होता. "दोनदा मारली. पाण्याचा आवाज केवढा होता. मला नाही ऐकू आली. पोरीला काही बोलू नकोस."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या नळीतल्या थेंबांकडे पाहत होते. मिनिटाला वीस.

मी काही बोलले नाही. ओढ्यानंतर हे दुसऱ्यांदा.

ऑक्टोबर २३, गुरुवार

बाबा सकाळी सव्वासहाला गेले. न्यूमोनिया. बाहेर पाऊस नव्हता.

नोव्हेंबर २, रविवार

ताई आणि मी घर आवरलं. तिनं कपडे घेतले, मी कागद. भावजी खाली गाडीत खोकी ठेवत होते. ताई सारखं काही ना काही मला देत होती: शाल तू घे, दुर्बीण तू घे, ही पातेली तुला लागतील. तिनं सकाळी माझा चहाही केला होता. दहा दिवस ती माझ्याशी अशीच वागते आहे, मला ताप आल्यासारखी.

साडेअकराला मी माळ्याची शिडी धरून उभी होते आणि ती वर होती. मी म्हणाले, "मी हाक मारली नव्हती."

वरचा खडखडाट थांबला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"बाबा म्हणाले ते—"

"मी फाटकापाशी कुजबुजलेलं बाबांना ऐकू आलं होतं, त्यांनीच सांगितलं मला. तू पन्नास पावलांवरून ओरडलेलं ऐकू आलं नसतं? मी काय दुधखुळी आहे?"

"मग त्या दिवशी काही बोलली का नाहीस?"

ती खाली आली. एक एक पायरी, तोंड शिडीकडे करून. खाली आल्यावरच वळली.

"कारण त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. शेवटी एकच मागितलं: पोरीला काही बोलू नकोस. म्हटलं, ठीक आहे. नाही बोलणार. जन्मभर नाही बोलणार." तिचे हात धुळीने भरले होते, ते तिनं साडीला न पुसता तसेच धरून ठेवले होते. "आणि तुला तेवढंही राहवलं नाही. तुला नोंद बरोबर करून हवी."

मी म्हणाले की खोट्यावर मला तिची शाल घेता येत नव्हती.

"बरं," ताई म्हणाली. "मग ऐक आता."

भावजी दोनदा वर आले आणि दोनदा खाली गेले. ती वीस मिनिटं बोलली. रडली नाही, आवाज चढवला नाही. आईपासून सुरुवात केली आणि ओढ्यापर्यंत आली. ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. लिहायला बसले होते. एकेक वाक्य तपासून पाहिलं. एकही खोडता आलं नाही.

नंतर तिनं शिडी उचलून भिंतीला लावली, दुर्बीण आणि शाल खोक्यात भरली, आणि ते खोकं गाडीत न्यायला भावजींना हाक मारली.